सूर्यास्ताच्या दीड तास आधी

आमच्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर कार्यक्रमाची वेळ 'सायंकाळी पाच' अशी लिहिलेली मी कधी पाहिली नाही. नोव्हेंबरात ती '४ वाजून २७ मिनिटे' असायची आणि जूनमध्ये '५ वाजून ३९ मिनिटे'. पहिल्यांदा वाचणारा माणूस चष्मा पुसून परत वाचायचा. मीही दोनदा वाचलं होतं, आणि इथला ग्रंथपाल एक तर ज्योतिषी असणार नाहीतर ठार वेडा, असं ठरवून टाकलं होतं. दोन्ही अंदाज चुकले. ग्रंथपाल सरांचा ज्योतिषावर काडीचा विश्वास नव्हता, आणि वेडेपणा म्हणावा तर त्यात एका मिनिटाचाही गोंधळ नव्हता.

हिशेब सरळ होता. सर जैन. गाव कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं, कोल्हापुरातून एस.टी.नं सव्वा तासावर. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, मावळला की त्या दिवशी पाणीसुद्धा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. शनिवारी वाचनालयाचा कार्यक्रम असायचा, म्हणून त्या दिवशी त्यांचं संध्याकाळचं जेवण डब्यातून यायचं. सूर्यास्ताच्या दीड तास आधी कार्यक्रम सुरू, सव्वा तासानं घंटा, पाच मिनिटांत खुर्च्या जागेवर, आणि उरलेल्या दहा मिनिटांत सरांची भाकरी. कॅलेंडरातल्या प्रत्येक शनिवारच्या सूर्यास्ताखाली त्यांनी लाल रेघ मारून ठेवलेली असायची.

समितीतल्या एकानं एकदा विचारलं, "तुमच्या डब्यापायी लोकांनी असल्या वेळंला यायचं व्हय?"

"पाचचा कार्यक्रम आपल्याकडं सहाला सुरू हुतोय," सर म्हणाले. "चार सत्तावीसचा चार सत्तावीसला हुतोय. आकडाच असा ठेवायचा की माणूस घड्याळाकडं बघंल."

आणि खरोखर लोक चार पंचवीसला हजर असत. कोल्हापुरात हे घडताना मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. लग्नातसुद्धा नाही.

सव्वा तास झाला की सर टेबलावरची पितळेची घंटा उचलायचे. वक्ता वाक्याच्या मध्यात असला तरी त्यांना फिकीर नसे. एका निवृत्त प्राध्यापकांचं "आणि म्हणूनच मला शेवटी एवढंच सांगायचं आहे की" इथे घंटा झाली. ते एवढंच काय होतं, हे आजपर्यंत कोणाला कळलं नाही. घंटेनंतर श्रोत्यानं आपली खुर्ची स्वतः उचलायची, वक्त्यानंही. मग सर आपल्या खोलीत दार सताड उघडं ठेवून जेवायला बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातावर शेंगदाण्याची चटणी ठेवत. ती चटणी खाऊन मोठमोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे.

त्यांचे आणखी दोन नियम होते. पहिला असा की तीन शनिवार श्रोता म्हणून बसल्याशिवाय कोणालाही बोलायला मिळणार नाही. त्यामुळे नावाजलेले वक्ते आपोआप गळाले आणि ऐकून घेण्याची सवय असलेली माणसं उरली. गूळ शिजवणारा एक गुळव्या येऊन रस कधी उतरवायचा ते नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचं, हे सांगून गेला. एका एस.टी. कंडक्टरनं झोपलेल्या प्रवाशाला त्याच्या गावाचं नाव माहीत नसताना योग्य थांब्यावर कसं उतरवायचं ते सांगितलं. हे कंडक्टर पुढे दर शनिवारी पहिल्या रांगेत ठाण मांडून बसू लागले.

दुसरा नियम सत्काराचा. शाल नाही, श्रीफळ नाही, फेटा तर नाहीच. वक्त्याला वाचनालयाचं एक पुस्तक मिळायचं आणि ते पंधरा दिवसांत परत करायचं. एका नगरसेवकांनी ते केलं नाही. सरांनी तीन आठवडे तीन पत्रं धाडली. चौथ्या आठवड्यात त्या नगरसेवकांची चौकात सभा होती. सर पहिल्या रांगेत जाऊन बसले, आणि कोणाला काही अडचणी असतील तर मोकळेपणानं सांगा म्हटल्यावर उभे राहून एवढंच म्हणाले, "साहेब, पुस्तक." दुसऱ्या दिवशी पुस्तक परत आलं. एकोणचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"एकुणचाळीस पानं वाचल्यात," सर कोपरा सरळ करत म्हणाले. "माणूस सुधारतोय."

हे सगळं मी आता कौतुकानं सांगतो आहे. त्या वेळी मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

मी शाहूवाडीकडचा. घरी भाताची शेती. स्पर्धा परीक्षेसाठी कोल्हापुरात येऊन राहिलो होतो. एका खोलीत सहा जण, त्यातले दोघे मोठ्यानं पाठ करणारे आणि एक झोपेत प्रश्नांची उत्तरं देणारा. शांतता म्हणून काय ती वाचनालयाच्या अभ्यासिकेत. पण अभ्यासिका आणि सभागृह यांच्यामध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन होतं. शनिवारी इकडे मी राज्यघटनेची कलमं घोकायचो आणि पलीकडे गुळव्या रस उकळल्याचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. वर लोकांचं खो खो हसणं. पूर्वपरीक्षेला महिना उरला आणि माझं डोकं फिरलं. मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्यात आमच्या पोरांत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. 'वरील विषयास अनुसरून' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत एकही शब्द वावगा नव्हता. शनिवारचे कार्यक्रम कायमचे बंद करावेत आणि सभागृह अभ्यासिकेला जोडावं, ही मागणी. खाली अभ्यासिकेतल्या यच्चयावत पोरांच्या सह्या. पुढच्या रविवारी समितीची बैठक होती. समितीलाही तेच हवं होतं. तिला फक्त निमित्त पाहिजे होतं. सरांचे शनिवार त्या एका कागदावर संपणार होते, आणि हे मला चांगलं माहीत होतं.

सरांनी अर्ज काउंटरवर उभ्यानं वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला.

"कुणी लिवलाय?"

आम्ही सगळे फरशीकडे बघत राहिलो. शेवटी मीच म्हणालो, "मी, सर."

"लई सुंदर लिवलायस. असला अर्ज नुसता फायलीत घालायचा म्हंजे पाप हाय." त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: 'शनिवार, ४ वाजून ५२ मिनिटे. विषय: शनिवारचे कार्यक्रम बंद का करावेत? वक्ता: अर्जदार.'

मी पळवाट काढली. "सर, पण तीन शनिवार श्रोता म्हणून बसायचा नियम हाय."

"तू पार्टिशनच्या पलीकडनं दोन वर्सं ऐकतोयस. तुझं तीन शनिवार कवाच भरलं."

त्या शनिवारी सभागृह खच्चून भरलं. मी उभा राहून अर्ज वाचला. त्याला तीन मिनिटं लागली. खाली बसणार तोच सर म्हणाले, "झालं?"

"झालं."

"सव्वा तास हाय तुझा. पाव्हणं लांबनं आल्यात. इचारा की रं काय इचारायचं ते."

गडमुडशिंगीहून दूध घालायला येणाऱ्या एक मावशी दर शनिवारी रिकाम्या किटल्या दाराशी ठेवून कार्यक्रमाला बसत. त्यांनी विचारलं, "खोलीवर का न्हाईस अभ्यास करत, लेकरा?"

मी सहा जणांची गोष्ट सांगितली. झोपेत उत्तरं देणाऱ्याची सांगितली तेव्हा लोक हसले. चूक उत्तरं देतो म्हटल्यावर आणखी हसले. मला जरा हुशारी आली.

"जेवतोस कुठं?"

"मेसला. एकदाच."

"घरला काय सांगतोस? दोनदा म्हणून?"

"व्हय."

"आणि काय काय सांगतोस घरला?" मावशींनी हे सहज विचारलं होतं. गोठ्यातल्या बाईला जनावर कुठे दुखतंय ते हात लावल्याबरोबर कळतं, तसंच हे असावं. गेल्या दोन वर्षांत मला कोणी एवढा वेळ देऊन काही विचारलं नव्हतं. खोलीवर आम्ही एकमेकांना फक्त 'किती झालं?' एवढंच विचारत असू, आणि सगळेच खोटं सांगत असू.

मी सांगून टाकलं. मागच्या परीक्षेचा निकाल लागून चार महिने झाले होते. मी नापास होतो. दर रविवारी वडिलांचा फोन यायचा, "निकाल लागला काय रं?" आणि दर रविवारी मी म्हणायचो, "अजून न्हाय लागला." सोळा रविवार मी हेच सांगत आलो होतो. आता मला रविवारची भीती वाटायची, आणि शनिवारी पलीकडे लोक हसायला लागले की उद्या फोन येणार हे आठवायचं. "म्हणून मला तुमच्या हसण्याचा राग येतोय," मी म्हणालो. माझा आवाज फाटला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

तेवढ्यात पार्टिशनच्या पलीकडून एक आवाज आला. "माझाबी निकाल लागलाय." आमच्यातला झोपेत बोलणारा होता, पण आता चांगला जागा होता. मग आणखी एक. मग पोरं दारातून एकेक करून आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कोण कोणाला काय खोटं सांगतो, ते सांगत राहिली. एकानं तर गावाकडे आपण पास झाल्याचे पेढे वाटले होते. कंडक्टर त्यावर म्हणाले, "मग आता पास हुयालाच पायजे गड्या, पेढं पचल्यात लोकांचं." पोरं इतकी हसली की पार्टिशन हललं. त्या हसण्यात मीही होतो.

सव्वा तास कधी झाला, दीड तास कधी झाला, मला कळलं नाही. घंटा वाजली नव्हती. कोणी तरी दिवा लावला तेव्हा मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं.

निघताना कंडक्टरांनी तोड काढली. कार्यक्रम गच्चीवर घ्यायचा, सभागृह पोरांना द्यायचं. "पण खुर्च्या कोण चढवणार वर?" असं कोणी विचारायच्या आतच सर आमच्याकडे बघत होते.

मी सरांना बाजूला गाठलं. "सर, अर्ज मागं घेतो."

"का? खोटं लिवलंयस त्यात?"

"न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे." आणि त्यांनी माझ्या देखत अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मागणी रास्त आहे. कार्यक्रम गच्चीवर.' रविवारी समितीनं ते मंजूर केलं. ग्रंथपालानंच शिफारस केल्यावर समितीला वाद घालायलाही काही उरलं नव्हतं.

त्याच रविवारी सकाळी मी लवकर वाचनालयात गेलो. झाडलोट करणाऱ्या अक्का सरांचा डबा धुवायला घेत होत्या. झाकण काढलं तर भाकऱ्या तशाच, चटणी तशीच.

"काल सर उपाशीच गेलं," अक्का म्हणाल्या. "घंटंवर हात ठेवून बसलं हुतं. मी दारातनं खुणावलं बी, दिस बुडतोय म्हणून. मान हलवली न्हाई का काय न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्राध्यापकांचं वाक्य तोडणारा माणूस माझ्यासाठी उपाशी राहिला होता. सर आले तसा मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ते पुस्तकांवर शिक्के मारत होते.

"भुकंचं काय, सकाळी भागती," ते म्हणाले. "तुझं बोलणं सकाळी परत आलं असतं काय? जा, अभ्यास कर. आज फोन हाय न्हवं तुला?"

त्या रविवारी मी वडिलांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला कवाचं ठाव हाय. तू सांगशील म्हणून इचारत हुतो." मी फोन ठेवून वाचनालयाच्या जिन्यात बसून रडलो, आणि मग वर जाऊन दोन कलमं पाठ केली. ती अजून पाठ आहेत.

कार्यक्रम गच्चीवर गेले. शनिवारी पोरं खुर्च्या वर चढवायची, आणि एवढ्या चढवल्याच आहेत तर टेकावं जरा, म्हणून बसायची. पावसाळ्यात कार्यक्रम जिन्यात व्हायचा. वक्ता खालच्या पायरीवर आणि श्रोते वर वर चढत गेलेले. गच्चीवरून सूर्य समोर दिसायचा, तरी कॅलेंडर, मिनिटं आणि घंटा यांत फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र बदलली. सर खोलीचं दार लावून जेवायला लागले. चटणीही बंद झाली. मला वाटायचं, माझ्यामुळे त्यांचा नेम मोडता मोडता राहिला, म्हणून त्यांनी मन मिटून घेतलं असेल. हे बरीच वर्षं माझ्या मनाला लागून राहिलं.

मी मोठा अधिकारी झालो नाही. पुढच्या एका परीक्षेतून लिपिक झालो, नोकरी कोल्हापुरातच मिळाली, आणि शनिवार सुटला नाही. सर निवृत्त झाले त्या दिवशीही सत्कार झाला नाही. त्यांनी घंटा माझ्या हातात दिली. "तू मला एकदा उपाशी ठेवलायस. आता परत ठेवायची तुझी छाती हुणार न्हाई." निवृत्तीनंतरही ते दर शनिवारी गावाहून यायचे, डबा मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत बसायचे, घंटा झाली की खाली खोलीत जाऊन दार लावायचे. आणि मी घंटा मिनिटाला मिनिट वाजवायचो. कोणाची गय केली नाही.

गेल्या फेब्रुवारीत अक्का बोलायला उभ्या राहिल्या. एवढी वर्षं "मला काय येतंय" म्हणून त्यांनी टाळलं होतं. त्या दिवशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. परत आलेल्या पुस्तकांत लोकांच्या राहून गेलेल्या वस्तू त्यांनी त्यात जपून ठेवल्या होत्या. एकेक बाहेर काढून त्या सांगू लागल्या. मुरगूडचं एस.टी.चं तिकीट, पाठीमागे कोणी तरी नवऱ्यानं आणायच्या भाजीची यादी केलेली. डोक्याची पिन. औषधाची चिठ्ठी. "ही ज्यांची हुती ते परत आलं न्हाईत. मी लई दिवस वाट बघितली." एक अर्धंच लिहिलेलं पत्र, 'प्रिय' च्या पुढे नावच नसलेलं. "नाव सुचलं न्हाई का धीर झाला न्हाई, देव जाणं. कुणाचं असंल तर घेऊन जावा, म्या वाचलं न्हाई पुढलं. पुढं काय न्हाईच." लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांकडे बघून बोलायला तोंड उघडलं होतं, आणि डबा अजून निम्मासुद्धा रिकामा झाला नव्हता.

सव्वा तास झाला. मी घंटा उचलली. सूर्य हातभर वर होता. सरांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे बघतच नव्हते, अक्कांकडे बघत होते. मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. आता ते सत्तरीकडे झुकले होते. या वयात रात्रभर उपाशी, पाण्याचा घोटसुद्धा नाही. वाजवावी तर अक्का परत कधीच उभ्या राहणार नाहीत. न वाजवावी तर हा माणूस माझ्यामुळे दुसऱ्यांदा उपाशी जाणार. शेवटी मी घंटेच्या आत बोट घालून तिचा लोलक धरला आणि तसाच बसून राहिलो. अक्का बोलत राहिल्या. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे गेला आणि मावळला.

कार्यक्रम संपला, खुर्च्या उतरल्या. मी सरांच्या पुढ्यात गेलो आणि मान खाली घालून म्हणालो, "सर, चुकलं. परत उपाशी ठेवलं तुम्हाला."

सरांनी मला बसायला सांगितलं. मग मांडीवरचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत काहीही नव्हतं. धुऊन पुसून लख्ख केलेला स्टीलचा डबा.

"जेवून आलोय मी."

"घरातनं? आज?"

"दर शनिवारी. तुझा अर्ज झाला त्याच्या फुडल्या शनिवारपासनं कार्यक्रमाच्या आधीच जेवून घेतोय. खोलीचं दार का लावत हुतो मग? रिकामा डबा काय लोकांना दाखवायचा व्हय?"

"मग एवढी वर्सं घंटा कशाला वाजवायला लावली? आणि डबा का आणताय?"

सरांनी झाकण लावलं, दाबून बघितलं आणि डबा काखेला मारला.

"डबा दिसला न्हाई तर ह्या कोल्हापुरात कोण घंटंला इचारतंय? घंटंला कारण लागतंय की," ते म्हणाले. "पण कवा वाजवायची न्हाई, ते ज्याचं त्यालाच कळाय लागतंय. तुला बारा वर्सं लागली. चल, माझी गाडी चुकंल."